केकचा भाव लावताना आधी स्वतःची मजुरी लिही

या आठवड्यात जुळे सोलापूरमधून एका मैत्रिणीचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणालीये म्हणून देत नाही. पत्र लांब आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

"ताई, मी 31 वर्षांची आहे, दोन मुलं आहेत, मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मागच्या वर्षी केकचा आठ दिवसांचा क्लास केला, ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) घेतला आणि सात महिने झाले घरून केक देतेय. महिन्याला बारा-एक ऑर्डर होतात. एक किलो एगलेस चॉकलेट ट्रफल मी 500 ला देते, कारण आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत तो 550 ला मिळतो आणि मला वाटलं आपण नवीन आहोत तर थोडं कमीच ठेवावं. केक सगळ्यांना आवडतात पण महिनाअखेर हातात काहीच राहत नाही, उलट क्रीम आणायला घरखर्चातले पैसे काढते. मे महिन्यात एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला दोन किलोचा फॉन्डंट केक (वर साखरेच्या लगद्याचं आवरण असलेला) केला, 1100 घेतले, दोन दिवस गेले आणि ऐनवेळी वरचं हत्तीचं पिल्लू कलंडलं. सासूबाई म्हणतात हौस आहे, करू दे. आता नणंदेच्या जाऊबाईंना तीन किलोचा जंगल थीम केक पाहिजे, माणसं पंचवीस-तीस, बजेट 1800, शुक्रवारपर्यंत सांग म्हणाल्यात. नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणायची भीती वाटते. भाव लावायचा कसा?"

अगं, आधी एक सांगते, तू पत्रासोबत खर्चाचे आकडे लिहून पाठवलेस ना, ते बघून मला फार बरं वाटलं. क्रीमचा पुडा केवढ्याला, बॉक्स केवढ्याला, डिलिव्हरीला पेट्रोल किती, सगळं आहे त्यात. पण सगळी यादी मी दोनदा वाचली आणि त्यात एक ओळ कुठेच सापडली नाही, तुझी मजुरी. मैद्याला भाव आहे, बोर्डाला भाव आहे, मेणबत्तीलासुद्धा भाव आहे, आणि जी बाई तीन तास ओट्याजवळ उभी राहते तिच्या नावापुढे काहीच नाही. तुझ्या हातात काही का राहत नाही याचं उत्तर तिथेच आहे, बाकी मी पुढे लिहितेय ते सगळं त्याच्याच भोवतीचं.

माझी आई विड्या वळायची. पूर्व भागात आमच्या गल्लीत घरोघरी तेच होतं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवलेली पानं आणि कात्री. आई शाळेत गेलेली नव्हती पण हजार विड्यांना किती मजुरी हे तिला तोंडपाठ होतं, छाट म्हणजे नापास विड्या किती निघाल्या आणि त्याचे किती कापले हेही पाठ होतं, आणि कारखान्यातून मिळालेलं पान कमी पडलं की पदरचं पान विकत आणावं लागायचं ते पैसे ती वेगळे मोजायची, म्हणायची हे माझ्या मजुरीतनं गेले. म्हणजे तिला माल वेगळा, मजुरी वेगळी आणि तोटा वेगळा दिसत होता. आपण शिकलेल्या बायका, हातात मोबाईल, त्यात कॅल्क्युलेटर, आणि आपण सामानाचे पैसे निघाले की म्हणतो चला सुटले. मी पण माझ्या केकच्या धंद्याची पहिली दोन वर्षं असंच केलं म्हणून तुला इतकं कळवळून सांगतेय.

आता तुझाच एक किलोचा ट्रफल घेऊ. तुझ्या आकड्यांप्रमाणे मैदा, कोको, कंडेन्स्ड मिल्क, बटर, क्रीम, चॉकलेट मिळून 265 रुपये. बॉक्स, बोर्ड, मेणबत्ती, सुरी 45. इथपर्यंत तू बरोबर लिहिलंस, 310 झाले, आणि 500 ला विकला म्हणजे 190 सुटले असं तू धरून बसलीस. पण वीज राहिली. ओटीजी तासभर चालतो, त्यानंतर फ्रीज दिवसभर उघडझाक होतो, बीटर आहे, याला केकमागे 20 धर. हे 20 जास्त वाटले तर तुझं महावितरणचं बिल काढून बघ, घरगुती बिलात पहिली 100 युनिट एका दराने असतात आणि 101 पासून 300 पर्यंत दर एकदम चढतो, तुझं घर आधीच शंभराच्या आसपास असणार त्यामुळे केकचं प्रत्येक युनिट वरच्याच दराने लागतंय, सरासरी काढून उपयोग नाही. मग सामान आणायला नवी पेठेत जाणं-येणं, त्याचं पेट्रोल, केकमागे 15. मग वाया जाणारं, म्हणजे स्पंजचा वरचा फुगवटा कापतो तो, भांड्यात उरलेलं क्रीम, एखादा बसलेला स्पंज, ते सगळं मिळून 15 तरी धरच.

आणि ओटीजी. हा खर्च आपण सगळ्या जणी विसरतो कारण तो एकदाच केलेला असतो. तू ओटीजी, बीटर, टर्नटेबल (केक फिरवायचं स्टँड), साचे, नोझल मिळून 15000 घातलेस. हे सगळं तीन वर्षं धडपणे चाललं असं धरलं तर 36 महिने, महिन्याला 12 केक, म्हणजे 432 केक. 15000 भागिले 432, केकमागे झीज जवळपास 35 रुपये. हे 35 बाजूला पडले नाहीत तर तीन वर्षांनी ओटीजीची कॉइल गेली की नवीन घ्यायला परत मिस्टरांकडे हात पसरावा लागेल.

बेरीज कर. 310 अधिक 20 अधिक 15 अधिक 15 अधिक 35, झाले 395. तू 500 घेतलेस, राहिले 105. तास किती लागले ते तूच लिहिलंस, बेकिंगचा वेळ सोडून हाताचं काम तीन तास, म्हणजे माप घेणं, फेटणं, लेअर कापणं, सिरप, क्रम्ब कोट म्हणजे क्रीमचा पहिला पातळ थर, फायनल कोट, चॉकलेट-क्रीमचं गनाश, वर भांडी. 105 ला तीनने भाग. ताशी 35 रुपये. आणि ऑर्डर देणाऱ्या बाईशी व्हॉट्सॲपवर चाळीस मेसेज झाले ते यात नाहीतच. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ना, तेच हे.

आता उलट्या बाजूने ये. 395 लिहिलेस, त्याखाली मजुरी लिही. तासाला 80 पासून सुरू कर, तू आता शिकाऊ नाहीस, सात महिन्यांत ऐंशीएक केक हातातून गेलेत. तीन तासांचे 240. झाले 635. यावर 15 टक्के नफा, साधारण 95. झाले 730. म्हणून तुझ्या एक किलो ट्रफलचा भाव 750 रुपये. मजुरी आणि नफा वेगळे का ते विचारशील. मजुरी तुझ्या हाताची, ती तुझ्या घरी जाईल, मुलांच्या वह्यांना, तुझ्या साडीला, कशालाही. नफा धंद्याचा, तो धंद्यातच राहील, उद्या मोठा फ्रीज घ्यायचा झाला, क्रीमचे भाव वाढले, एखादा केक रस्त्यात पडून फुकट द्यावा लागला, तेव्हा तो कामाला येतो. कारखान्यात सूत, रंग, मजुरी, लाईट सगळं धरून वर मालक आपला नफा लावतो की नाही, मिस्टरांना विचार, ते रोज बघतात.

अर्धा किलोचा भाव मात्र 375 करू नकोस हं. सामान अर्धं लागतं, काम अर्धं होत नाही, अर्धा किलोलासुद्धा तुझे दोन-अडीच तास जातातच, म्हणून तो 450 च्या खाली देऊ नको. बऱ्याच जणी इथे फसतात आणि मग आठवडाभर नुसते अर्ध्या किलोचेच ऑर्डर करत बसतात.

बेकरीच्या 550 चं काय, हा तुझ्या मनातला मोठा प्रश्न आहे ते कळतंय मला. बेकरीचा ओव्हन तुझ्या ओटीजीच्या कितीतरी पट मोठा, एकावेळी वीस-पंचवीस स्पंज निघतात, क्रीम ते कार्टनने घेतात, कारागीर एका तासात पाच-सहा केक सजवून मोकळा होतो. त्यांचा 550 त्यांना परवडतो. तुला परवडत नाही आणि परवडायची गरजही नाही, कारण तुझ्याकडे येणारं माणूस काचेतला तयार केक घ्यायला येतच नाही. ते येतं कारण तुझा स्पंज सकाळचा असतो, गोड कमी करून मिळतं, बाळाचं नाव नीट लिहून मिळतं, आणि एगलेस म्हणजे खरंच एगलेस, ज्या भांड्यात अंडं फुटलंय त्यात केलेलं नाही. सोलापुरात या शेवटच्या गोष्टीला केवढी किंमत आहे बघ, लिंगायत घरं, जैन-मारवाडी घरं, शिवाय श्रावण आणि सोमवार पाळणारे बाकी सगळे. तू पूर्ण किचनच एगलेस ठेवलंयस असं लिहिलंस, मग ते भावाच्या कार्डावर वर मोठ्या अक्षरात छाप ना, ते मागे कशाला लपवलंयस!

आता तो मे महिन्यातला हत्तीचा केक. मी मुद्दाम हिशोब मांडला. दोन किलोचं सामान 530. फॉन्डंट, जेल कलर, सीएमसी पावडर (फॉन्डंट कडक करणारी) 260. जाड ड्रम बोर्ड, उंच बॉक्स, टॉपर 210. वीज, झीज, पेट्रोल, वाया गेलेलं 140. बेरीज 1140. तू घेतलेस 1100. म्हणजे दोन दिवसांत मिळून अकरा तास राबून तू वर 40 रुपये स्वतःच्या खिशातून त्या बाळाच्या वाढदिवसाला घातलेस. त्याच केकला 880 मजुरी धरली की 2020 होतात, त्यावर 15 टक्के, म्हणजे 2300 च्या खाली तो केक द्यायचाच नव्हता.

फॉन्डंटच्या केकला किलोचा भाव लावायचाच नाही, हे एक डोक्यात पक्कं कर. किलोचा भाव फक्त आतल्या केकचा. वरचं काम तासावर. एका हत्तीला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून बघ, मी बघितलंय, साधा बसलेला हत्ती, सोंड, कान, नखं, डोळे धरून पाऊण तास जातो, आणि तो आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी करून ठेवावा लागतो कारण आतून वाळला नाही तर उभाच राहत नाही. तुझा हत्ती कलंडला तो त्यामुळेच, असं मला वाटतं, आत ओला होता, आणि त्यात मे महिना. पुढच्या वेळी पोटात टूथपिकच्या ऐवजी कच्ची स्पॅगेटीची काडी घाल, ती खाण्यातलीच असते, आणि सीएमसी घालून मळून 48 तास पंख्याखाली ठेव, फ्रीजमध्ये अजिबात नाही, फ्रीजमधून बाहेर काढलं की फॉन्डंटला घाम सुटतो.

आपल्या उन्हाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण पुण्या-मुंबईच्या क्लासमध्ये हे कोणी शिकवत नाही. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा 40 च्या वर, कधी 43-44, आणि केकचं क्रीम तिशीतच मान टाकायला लागतं. मी एकदा एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता स्कूटीवर अक्कलकोट रोडला केक नेला, दोन लेअरचा पायनॅपल, बॉक्समध्ये नुसता ठेवलेला, आणि तिथे पोचून झाकण उघडलं तर वरचा लेअर बोटभर सरकून बॉक्सच्या भिंतीला टेकलेला, क्रीमवर लिहिलेलं नाव पुठ्ठ्याला चिकटलेलं. त्या पोराची आजी माझ्याकडे बघत राहिली. मी पैसे घेतले नाहीत, घरी येऊन रडले. तेव्हापासून माझा नियम आहे, मार्च ते जून दुपारी अकरा ते सहा डिलिव्हरी नाही, त्या वेळेत पाहिजे तर त्यांनी एसी गाडी घेऊन यायचं आणि उघडून बघून न्यायचं, दाराबाहेर गेल्यावर जबाबदारी त्यांची. आणि उन्हाळ्यात केकमागे 40-50 रुपये जास्त घे, बर्फाची पाकिटं, थर्माकोलचा डबा, फ्रीजचं वाढलेलं बिल, हे सगळं खरंच लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डिलिव्हरी कधीच फुकट नको. जवळपास 40, सात रस्त्यापलीकडे किंवा शेळगीकडे गेलं तर 80, असे दोन टप्पे कर आणि कार्डावर लिही.

पाण्याचंही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्या दिवसांत भांडी, हात, टर्नटेबल सगळं धुवायला साठवलेलं पाणी जातं, कधी जार मागवावा लागतो. जार आला की वहीत लिही, वाया-खर्चाच्या ओळीत.

आता नातेवाईक. तुझ्या पत्रात तीन वेळा आलंय, "ओळखीचे आहेत हो, कसं मागू". भीड ही भिकेची बहीण, आपल्या आज्या उगाच नव्हत्या म्हणत. मी सांगते ते थोडं कडक वाटेल पण करून बघ. ओळखीच्यांना एकतर भेट दे, नाहीतर पूर्ण भावात दे, मधलं काही नको. सख्ख्या भाचीचा वाढदिवस आहे, तुला द्यावंसं वाटतंय, तर मनापासून केक कर आणि एक रुपया घेऊ नको, वर चिठ्ठी लाव, मावशीकडून. तो मान तुला मिळतो. पण 750 चा केक ओळख म्हणून 500 ला दिलास की भेट दिल्याचा मान तर मिळत नाहीच, वर तीच बाई चार जणींना सांगते की ती 500 ला देते, आणि मग त्या चौघींना तू 750 सांगितलेस की तूच वाईट. माझ्या बाबतीत हे झालंय, एका गिऱ्हाईकाने दारात उभं राहून म्हटलं, "एवढं महाग करलालीस व्हय, त्यांना तर पाचशेला दिलीस की." माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती खरंच बोलत होती.

वर्षाला किती केक भेट द्यायचे ते जानेवारीतच ठरवून टाक, चार म्हण, आणि कोणाला ते लिहून ठेव. पाचवा आला की सांगता येतं. आणि भाव तोंडी सांगायचाच नाही, कार्ड पाठवायचं. तोंडाने 750 म्हणताना आपला आवाज बारीक होतो आणि समोरच्याला ते लगेच कळतं. कार्डावर छापलेल्या आकड्याशी माणसं कमी घासाघीस करतात. ऑर्डर पक्की म्हणजे अर्धे पैसे यूपीआयवर आधी, उरलेले केक नेताना. ॲडव्हान्स नाही तर ऑर्डर नाही, मग ती नणंद असो की नगरसेवक. धंद्याचं खातं वेगळं काढ, त्यात भाजीचे पैसे मिसळू नको.

गिऱ्हाईक नेटवरचा फोटो पाठवतं आणि विचारतं केवढ्याला, तेव्हा लगेच आकडा टाकायचा नाही. आधी विचार, माणसं किती, तारीख आणि वेळ कुठली, कुठे न्यायचा, आणि मनात किती बजेट आहे. माणसांवरून किलो ठरतो, एक किलोत दहा-बारा जणांना वाढदिवसाचा तुकडा नीट होतो, लोक उगाच जास्त किलो मागतात आणि मग पैशात कमी करा म्हणतात. आणि वजन सांगताना फॉन्डंट धरून की सोडून ते आधीच स्पष्ट कर, किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवून फोटो काढून पाठव, त्याने तुझा भाव आपोआप पटतो.

भाव वाढवला की गिऱ्हाईक तुटेल ही भीती. तुटेल, काही तुटतीलच. पण हिशोब बघ. आत्ता 12 केक गुणिले 105, महिन्याला 1260 रुपये, 36 तासांचे. भाव 750 केलास आणि बारातले चार लोक गेले, आठच राहिले, तर एका केकमागे खर्च जाऊन 355 उरतात, आठचे 2840. ओटीजीची झीज आता आठच केकवर वाटली जाईल म्हणून थोडं कमी धर, 2700. तासही 24 च लागले. राहिलेल्या 12 तासांत झोप काढ किंवा नवीन काहीतरी करून बघ. एकदम 500 चे 750 करायला जीव धजत नसेल तर नवीन गिऱ्हाईकाला आजपासून 750, जुन्यांना पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, तसा मेसेज आत्ताच टाक, आणि आधी घेतलेले ऑर्डर जुन्याच भावात दे.

नवीन काय करशील तर एक सुचवते, आपल्या शेंगा. सगळे हेझलनट, पिस्ता, बिस्कॉफच्या मागे लागलेत आणि ते सामान महाग, मुंबईहून येणारं. तू भाजलेल्या शेंगदाण्याची कॅरमलमध्ये प्रालीन कर, जाडसर कूट, आणि ती ट्रफलच्या लेअरमध्ये पेर. शेंगापोळी खाऊन मोठे झालेले लोक आहेत आपण, ती चव जिभेला ओळखीची आहे. सामान स्वस्त, आणि हा केक बेकरीत नाही, म्हणजे भावाची तुलनाच होत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत बाहेरगावचे पाहुणे येतात तेव्हा मी हा करते, संक्रांतीला तीळ घालून.

कागदपत्राचं लवकर उरकते. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करून घे, घरून विकत असलीस तरी लागते. तुझ्यासारख्या छोट्या धंद्याला लायसन्स नको, साधी नोंदणी पुरते, ऑनलाईन होते, फोटो आणि ओळखपत्र लागतं. 14 आकडी नंबर मिळतो तो बॉक्सच्या स्टिकरवर टाक. शाळेचे, ऑफिसचे ऑर्डर या नंबरानंतर येतात, आधी ते विचारतच नाहीत.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. हौस म्हणतायत त्यात त्यांची चूक नाही, पैसे दिसले नाहीत तर त्यांनी काय म्हणायचं. दोनशे पानी वही आण, एका पानावर एक केक, माल, बॉक्स, वीज, झीज, वाया, मजुरी, नफा. महिन्याच्या शेवटी मजुरीच्या ओळींची बेरीज करून तेवढे पैसे खात्यातून काढ आणि त्यातला एखादा खर्च, दूध म्हण, गॅस म्हण, तुझ्याकडे घे. आई कारखान्यातून मजुरी घेऊन आली की आजीच्या हातात ठेवायची, घरात कोणी तिला हौस म्हटलं नाही.

आता शुक्रवारचं. तीन किलो जंगल थीम, पूर्ण फॉन्डंट, पाच प्राणी. सामान 795, फॉन्डंट आणि रंग 300, बोर्ड-बॉक्स 250, बाकी 180, झाले 1525. तास तेरा धर, 1040. झाले 2565, नफा धरून 2950. 1800 त कुठेच बसत नाही. पण त्यांच्याकडे माणसं पंचवीस-तीस आहेत ना, मग तीन किलो कशाला, अडीच पुरतो. अडीच किलो क्रीमचा केक, नोझलने गवत आणि पानं, प्राणी कार्डशीटवर छापलेले, काडीला लावलेले. सामान 663, बोर्ड-बॉक्स 120, छापील प्राणी 100, बाकी 122, झाले 1005. मोठ्या केकला किलोमागे वेळ कमी लागतो, साडेसहा तास, 520. झाले 1525, नफा धरून 1750. त्यांच्या बजेटमध्ये बसतो आणि तुझी मजुरी शाबूत राहते.

म्हणून जाऊबाईंना हा मेसेज पाठव, जसाच्या तसा टाकलास तरी चालेल.

"वहिनी, जंगल थीमचं बघितलं. पंचवीस-तीस जणांना अडीच किलो पुरेल. क्रीमचा एगलेस केक, छापील प्राण्यांसकट, 1750 ला होईल. पूर्ण फॉन्डंटचा, हाताने केलेल्या प्राण्यांचा तीन किलो पाहिजे असेल तर 2950, त्याला मला चार दिवस आधी कळायला पाहिजे. दोन्हींचे फोटो पाठवतेय. जो ठरेल त्याचे अर्धे पैसे पाठवलेत की तारीख पक्की करते. केक संध्याकाळी सहानंतर न्यायला या."

शुक्रवारपर्यंत थांबू नको, उद्या सकाळी मुलं शाळेत गेली की पाठवून दे. आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळव, मी वाट बघतेय.